खंडेरायाकडे एक घोडा बाकी

बाळ्याच्या खंडेरायाकडे आपले बारा हजार सातशे सोळा रुपये येणे आहेत, ही गोष्ट खुद्द नंदू तडवळकरला सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता कळली. सांगणारा माणूस सरकारी होता आणि त्याच्यापुढे कॅल्क्युलेटर होता. त्यामुळे हसून सोडून द्यायची सोय नव्हती.

"तीन बिलं आहेत तुमची," दिलासा कक्षाच्या खिडकीमागचा देवदत्त म्हणाला. "पहिलं पंचवीस मार्च दोन हजार वीस. एक पागोटं, भाडं अकरा रुपये रोज. परत तारखेचा रकाना कोरा. म्हणजे वस्तू अजून गिऱ्हाईकाकडंच आहे. ऑगस्टअखेर पाचशे चोवीस दिवस. गुणिले अकरा."

"अहो साहेब, गिऱ्हाईक कोण आहे ते तरी बघा की."

"बघितलं. श्री. खंडेराय, मुक्काम बाळे." देवदत्तनं मान वर केली. "साहेब, आमच्या घरीही तळी भरतात. मला समजतंय. पण कागद काही तळी भरत नाही."

दिलासा योजना म्हणजे टाळेबंदीत ज्यांची दुकानं झोपली अशा छोट्या धंदेवाल्यांना वॉर्डातून मिळणारे एकरकमी पंचवीस हजार रुपये. अट एकच: मार्च वीस ते ऑगस्ट एकवीस या काळात उलाढाल दहा हजारांच्या आत पाहिजे. 'तडवळकर ड्रेपरी'ला ही अट म्हणजे हसण्यावारी नेण्याची गोष्ट होती. शाळांच्या गॅदरिंगला राजे, मावळे, वासुदेव, वाघ आणि गाजर भाड्यानं पुरवणारं दुकान ते. दीड वर्षात शाळा नाही, गॅदरिंग नाही. कोण कशाला गाजर होतंय? उलाढाल शून्य. इतकी निखळ, डाग नसलेली शून्य उलाढाल अख्ख्या सोलापुरात कुणाची नसेल, असं नंदू अर्ज भरताना जवळजवळ अभिमानानं म्हणाला होता.

आणि तो बाद होत होता, तो उलाढाल जास्त झाली म्हणून.

घोळ मुहूर्ताच्या बिलाचा होता. नंदूचे वडील अण्णा सांगायचे, पाडव्याला आणि अक्षय्यतृतीयेला बिलबुक कोरं राहिलं तर वर्ष कोरं जातं. त्या दिवशी गिऱ्हाईक फिरकलं नाही, तर संध्याकाळी खंडेरायाच्या नावानं एक बिल फाडायचं. अण्णा 'सव्वा रुपया, रोख मिळाले' असं लिहून मोकळे व्हायचे. नंदू बी.कॉम. होता. दोन हजार वीसच्या पाडव्याला, देश कुलूपबंद झाला त्याच दिवशी, त्यानं जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर बिलबुक उघडलं आणि सगळे रकाने भरले. वस्तू: पागोटे, एक. दर: अकरा रुपये प्रतिदिन. अनामत: नाही, विश्वासू गिऱ्हाईक. परत तारीख तेवढी कोरी सोडली, कारण देवाला कुठल्या तोंडानं तारीख द्यायची? त्याच वर्षी अक्षय्यतृतीयेला एक लाकडी तलवार गेली. यंदाच्या पाडव्याला पुन्हा दुकानं बंद, म्हणून भक्तीच्या भरात घोडा दिला. कमरेला अडकवायचा, पुठ्ठ्याचा, जरीची झूल असलेला.

पाच हजार सातशे चौसष्ट, अधिक पाच हजार चारशे बारा, अधिक पंधराशे चाळीस. बेरजेत चूक नव्हती. नंदूनं तिथल्या तिथं तीनदा करून पाहिली.

"उपाय?"

देवदत्तनं तीन बोटं दाखवली. "एक, बिलं रद्द करा. त्याला गिऱ्हाईकाकडची पांढरी प्रत जोडावी लागेल. दोन, गिऱ्हाईकाचा लेखी जबाब, की व्यवहार झालाच नाही. तीन, वस्तू परत आल्यात असं दाखवा. तपासणीच्या निवेदिता मॅडम येऊन डोळ्यांनी बघतील, पंचनामा करतील, भाडं सगळं रद्द. पण तिन्ही पाहिजेत, एक जरी राहिली तरी पंचनामा नाही. शुक्रवारी पाचला पोर्टल बंद होतंय."

शुक्रवार. नंदूलाही शुक्रवारचीच घाई होती, ती पंचवीस हजारांसाठी नव्हती. म्हणजे थोडी होती, पण सगळी नव्हती. हुसेनबी शनिवारी सकाळी गणवेशाच्या फॅक्टरीत उत्तर देणार होती.

हुसेनबी म्हणजे ड्रेपरीची शिलाई. बावीस वर्षं. अण्णांनी ठेवलेली. माप न घेता, पोराकडं एकदा नुसतं बघून मावळा शिवणारी. टाळेबंदी लागल्यावर नंदूनं तिला तीन महिने पगार दिला, चौथ्या महिन्यापासून दिला नाही, आणि देत नाही हे सांगितलंही नाही. ती मागेल म्हणून तिचा फोन उचलायचा सोडला. मागच्या आठवड्यात रस्त्यातच गाठ पडली तेव्हा ती पगाराबद्दल एक अक्षर बोलली नाही. एवढंच म्हणाली, "एमआयडीसीत बोलवायलेत. शनवारी सांगते म्हटलंय. तुमी काय म्हणता, सेठ?" नंदू म्हणाला, "शुक्रवारपर्यंत थांबा. सरकारकडनं पैसे येतायत." ती गेली की दुकानात कपाटं राहणार होती, ड्रेपरी राहणार नव्हती.

घरी आल्यावर त्यानं पांढऱ्या प्रतींबद्दल बायकोला, प्रभाला, विचारलं. प्रभा पहिलीच्या वर्गाला मोबाइलवर शिकवत होती. आवाज बंद करून म्हणाली, "देवघरातले ते कागद? नवरात्रात निर्माल्यात गेले की. यंदाचा एक होता, तो गणपतीच्या आवराआवरीत गेला. हळदीनं माखले होते." आणि पुन्हा आवाज सुरू करून वर्गाला म्हणाली, "वस्तू जागच्या जागी ठेवणाऱ्याला काय म्हणतात? शहाणा."

पहिला उपाय अशा रीतीनं निर्माल्यात गेला.

दुसरा उपाय महेश्वरकाकांनी अंगावर घेतला. महेश्वरकाका वरच्या मजल्यावर राहायचे आणि चौतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाले होते. अशा माणसाला शेजाऱ्याचा अडलेला कागद दिसला की बरं वाटतं. ती बिलं पुरावा म्हणून अर्जाला जोडा, हा सल्ला मुळात त्यांचाच होता. "कागद जास्त झाला म्हणून कुणी मेलं नाही," असं तेव्हा ते म्हणाले होते. त्याची आठवण नंदूनं करून दिल्यावर म्हणाले, "मेलात का? नाही ना? मग. देव म्हणजे कायद्यानं अज्ञान. त्याच्या वतीनं पुजारी सही करू शकतो. चला बाळ्याला."

देऊळ बंद होतं. टाळेबंदी देवालाही होती. मंगळवारी दुपारी दोघं स्कूटरवरून गेले तेव्हा गुरव बंद फाटकाच्या आत पायरीवर बसून शेंगा फोडत होते. फाटकाबाहेर फुलवाले आणि भंडाऱ्याची पुडी विकणारे चार-पाच जण गिऱ्हाईकाची वाट बघत रिकामे बसलेले. रिकाम्या माणसाला ऐकू फार चांगलं येतं. नंदूनं आवाज शक्य तेवढा खाली ठेवून सगळं सांगितलं.

गुरवांनी शेंगा बाजूला ठेवल्या. "म्हंजी देवानं तुमच्याकडनं पागुटं भाड्यानं न्हेलं?"

"नेलं म्हणजे, कागदावर."

"आन् घोडा?"

"तोही कागदावरच."

"देवाला सोताचा घोडा न्हाय व्हय? तुमच्या पुट्ट्याच्या घोड्यावर बसतुय का देव?" गुरव उठून उभे राहिले. "आन् त्याचं भाडं किती झालं म्हंता?"

नंदू स्कूटरकडं वळला. महेश्वरकाका वळले नाहीत. हिशेबाच्या बाबतीत त्यांना अर्धवटपणा खपत नसे. "बारा हजार सातशे सोळा," ते खणखणीत आवाजात म्हणाले.

"आरं, ऐकलं का रं!" फाटकाबाहेरचा फुलवाला ओरडला. "ह्यो सोलापूरचा शेट बारा हजाराची वसुली घिऊन आलाय देवाकडं!"

स्कूटर वळवताना नंदूचा पाय दोनदा घसरला. मागून कुणीतरी 'येळकोट येळकोट' म्हटलं. ते भक्तीनं म्हटलं होतं की नाही, हे बघायला तो थांबला नाही. घरी पोचेपर्यंत बातमी त्याच्या आधी पोचली होती. सोसायटीच्या वॉचमननं नेहमीसारखा नमस्कार केला नाही. रात्री जेऊरहून सासूबाईंचा फोन आला. प्रभानं तो मुद्दाम मोठ्यानं लावला.

"जावईबापूंनी देवाला बिल धाडलं म्हणतात ते खरं का गं?"

"धाडलं नाही आई. नुसतं फाडलं."

"काही अडचण होती तर आम्हाला मागायचं होतं. देवाला कशाला?"

नंदूनं ताटावरून उठायचं ठरवलं होतं, पण भाकरी गरम होती. अपमान आणि भूक एकाच वेळी आली की मध्यमवर्गीय माणूस आधी जेवून घेतो.

उरला तिसरा उपाय, आणि तो खरं तर सगळ्यांत सोपा होता. वस्तू कुठं गेल्याच नव्हत्या. दुकान उघडायचं, तिन्ही काढून टेबलावर मांडायच्या, मॅडमना दाखवायच्या. हे सोमवारीच का सुचलं नाही, याबद्दल काकांनी नंदूला दुकानाकडं जाताना स्कूटरवर पूर्ण रस्ताभर झापलं.

बुधवारी नंदूनं शटर वर केलं. यंदा फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. आत डांबरगोळ्यांचा वास, आणि तारेवर ओळीनं टांगलेले, पांढऱ्या चादरी घातलेले पोशाख. पागोटं देवाच्या फोटोवर होतं. तलवार कोपऱ्यात होती. घोडा खुंटीला होता.

म्हणजे घोड्याची खुंटी होती. घोडा नव्हता.

नंदूनं माळा पाहिला. वाघाच्या मागं पाहिलं. गाजर बाजूला केलं. कोनाड्यात घोड्याचं पुठ्ठ्याचं तोंड सापडलं. एकटं, अंग नसलेलं, एक डोळा निघालेला. धड नाही, झूल नाही.

"उंदीर?" नंदू म्हणाला.

"उंदीर पुठ्ठा खातो, झूल ठेवतो," काका म्हणाले. "इथं पुठ्ठ्याचं तोंड ठेवून झूल गेलीय. हे माणसाचं काम." त्यांचा चेहरा उजळला होता. "नंदू, काम झालं तुमचं. चोरी! चोरीला गेलेल्या वस्तूचं भाडं चालत नाही. चौकीत तक्रार द्यायची, पोच घ्यायची, जोडायची. लावा फोन त्या देवदत्तला."

देवदत्त फोनवर म्हणाला, "पोच आणली तर चालेल."

आता ते काम खरंच पाच मिनिटांचं होतं. गुरुवारी सकाळी काकांच्या टेबलावर कोरा कागद आला. काका सांगत गेले, नंदू लिहीत गेला. महोदय, माझ्या दुकानातून खालील वर्णनाचा घोडा. वर्णन, किंमत, दिनांक, सगळं झालं. "आता संशय कुणावर, ते लिहा."

"कुणावर नाही."

"कुलूप तुटलंय का?"

"नाही."

"किल्ल्या किती?"

"दोन."

"दुसरी कुणाकडं असते?"

पंखा फिरत होता. नंदूनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. दुसरी किल्ली बावीस वर्षं एकाच माणसाकडं होती आणि ती अण्णांनी स्वतःच्या हातानं दिली होती.

"रिकामं सोडून देऊ की, काका."

"रिकामं सोडू नका!" काका टेबलावर हात आपटून म्हणाले. "रकाना रिकामा सोडला म्हणूनच हे सगळं झालंय. अहो, नाव लिहिलं म्हणजे काय फाशी होते का तिला? बोलावतील, विचारतील, सोडतील. तुमचे पंचवीस हजार सुटतील. त्यातलेच तिला द्या की."

हिशेब म्हणून हे चोख होतं. बाईला नोकरीवर टिकवायचं, त्यासाठी पैसे आणायचे, त्यासाठी तिलाच चोर ठरवायचं. नंदूनं 'हु' लिहिलं. पुढचं अक्षर काही केल्या येईना. तो म्हणाला, "उद्या देतो," आणि कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

रात्रभर तो कागद खुंटीवरच्या शर्टात होता आणि नंदू कॉटवर होता, पण दोघांना एकमेकांची जाणीव होती. सकाळी प्रभा म्हणाली, "सरळ फोन करून विचारत का नाही तिला?"

"काय विचारू? घोडा नेलात का म्हणून? सव्वा वर्ष पगार न देता?"

"मग मी विचारते."

"अजिबात नाही," नंदू म्हणाला. हे त्यानं इतक्या करारीपणे म्हटलं, की प्रभानं तो दुकानाकडं निघाल्यावरच फोन लावला.

निवेदिता मॅडम तीनला येणार होत्या, त्या चार वाजून पाच मिनिटांनी आल्या. उशीर झाल्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. घड्याळाकडं बघून "पाचला बंद होतंय हं पोर्टल," एवढं मात्र म्हणाल्या, जणू उशीर दुकानानं केला होता. त्यांनी टॅब काढला.

"पागोटं?"

नंदूनं दाखवलं. फोटो निघाला. टिक.

"तलवार?"

टिक.

"घोडा?"

काकांनी मागून नंदूच्या पाठीत बोट खुपसलं. कागद खिशात होता. चौकी गल्लीच्या तोंडाशी होती. पाच मिनिटं जायला, दहा पोच घ्यायला, पाच यायला. बसत होतं. नंदूचा हात खिशाकडं गेला आणि नजर सहज मॅडमच्या तोंडाकडं गेली.

मॅडमच्या तोंडावर मखमली मास्क होता. डाळिंबी रंगाचा. कडेला जरीची बारीक किनार आणि किनारीत कानाजवळ एक चिमुकला मोर, मान मागं वळवलेला.

हा मोर नंदूनं पाहिला होता. झुलीच्या कडेनं असे अठ्ठावीस मोर होते. लहानपणी अण्णा हिशेब करत बसले की तो ते मोजत बसायचा.

"मॅडम, हा मास्क कुठनं घेतला?"

"हा? ऑफिस सुटायच्या वेळी फाटकाबाहेर एक बाई बसतात. मस्त आहे. धुतला तरी रंग जात नाही."

"नाही जाणार," नंदू म्हणाला. "कोण आहेत बाई?"

"नाव नाही माहीत. वयस्कर आहेत. तोंडाकडं बघून माप सांगतात." मॅडमनी घड्याळ पाहिलं. "घोडा, तडवळकर. चार चौदा झालेत."

चोर सापडला होता, पुरावा समोर होता, आणि तो पुरावा सरकारी अधिकाऱ्याच्या तोंडावर असल्यामुळं पंचनाम्यालाही सोयीचा होता. काका कानाशी "द्या कागद, द्या कागद" करत होते. नंदूनं हात खिशावरून काढला.

"घोडा परत आलाय मॅडम," तो म्हणाला. "तुमच्या तोंडावर आहे."

मॅडमचा हात झटकन मास्कवर गेला.

"आमच्या टेलर आहेत त्या. मीच त्यांना सांगितलं होतं," नंदू म्हणाला. आयुष्यात त्यानं इतकं सरळ उभं राहून खोटं कधी सांगितलं नव्हतं. "घोडा जुना झाला, मोडा आणि कापडाचे मास्क करा म्हणून."

"म्हणजे वस्तू मोडीत काढली?"

"हो."

मॅडम विचारात पडल्या. टॅबवर बोट फिरवत त्यांनी नियम वाचला. मोडीत काढलेल्या वस्तूचं भाडं चालत नाही, असा नियम निघाला. "असं आधीच सांगायचं की! घोड्याचं तोंड आहे ना? तेवढं दाखवा, फोटो घेते. 'निरुपयोगी म्हणून मोडीत'. झालं." तोंडाचा फोटो निघाला. एका डोळ्यानं ते कॅमेऱ्याकडं बघत होतं. टिक. "आता तुमची सही इथं, बोटानंच करायची. मग मी पात्र करते."

नंदूनं बोट पुसलं. चार एकवीस. पंचवीस हजार एका बोटाच्या अंतरावर होते.

"सेठ!"

दारात हुसेनबी उभी होती. चालत आल्यामुळं धापा टाकत. हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा, काखेत वही. "भाभीनी फोन केला. घोडा कुटं हाय विचारलं. म्या म्हटलं, आता तोंडानं काय सांगायचं, हिशेबच दिऊन टाकते." तिनं डबा टेबलावर, टॅबच्या शेजारी, ठेवला आणि झाकण काढलं. आत रबर लावलेल्या नोटांच्या गड्ड्या. "आठ हजार. दुकानाचा वाटा. कापड दुकानाचं, शिलाई माझी, निम्मं निम्मं. अण्णांच्या टायमाला होतं तसंच."

मॅडमचं बोट टॅबवर थबकलं. "कसला वाटा?"

"भिशीचा!" काका ओरडले. "भिशी लागलीय ओ त्यांना!"

"भिशी कशाची?" हुसेनबीला राग आला. "म्या कंदी भिशी लावली न्हाय. मास्क विकले की. सहाशे चाळीस. पंचवीसला एक. ही वही हाय." तिनं वही उघडली. ती उर्दूत होती आणि क्षणभर नंदूला आशा वाटली. पण हुसेनबी मॅडमच्या सोयीसाठी मोठ्यानं वाचू लागली. "तुमच्या हापिसात चौदा गेले. देवदत्तसाहेबांचे पैसे तीनदा मागून आले."

"सहाशे चाळीस?" नंदूला आता वेगळीच शंका आली. "एका घोड्यातनं?"

"घोड्यातनं तीसच निघाले, ते बी परवा परवा. कमी पडलं म्हणून घेतला त्याला. सुरवात तर पडद्यापासनं."

"कुठल्या पडद्यापासनं?"

"राजदरबाराच्या. दोन्ही."

नंदू मागं सरकला आणि सिंहासनावर बसला. ते प्लायवूडचं होतं, करकरलं. अण्णांनी हैदराबादहून आणलेले ते पडदे तो भाड्यानंही देत नसे, लोकांना फक्त लांबून दाखवत असे. आता अख्ख्या वॉर्डानं ते तोंडाला बांधले होते.

"आन् अष्टप्रधानातले सहा पोशाख," हुसेनबी म्हणाली. "म्या विचारणार होते. अकरा डाव फोन केला. तुमी उचलला न्हाय. पगार मागंल म्हणून."

महेश्वरकाका घोड्याचं तोंड उचलून कोनाड्यात ठेवायला गेले.

मॅडमनी सावकाश हिशेब केला. "सोळा हजार. मर्यादा दहा हजाराची आहे, तडवळकर." त्यांनी डब्याकडं पाहिलं, मग बाहेर रस्त्याकडं पाहिलं. "या बाईंच्या वहीवर सही-शिक्का काही नाही. ती कुणाची, कसली, हे तुम्ही सांगाल ते मी लिहिणार. वही खरी की खोटी?"

चार एकतीस. खोटी म्हटलं की पंचवीस हजार. नुसता एक शब्द. मॅडमना उर्दू येत नव्हती आणि हुसेनबीला शिक्क्याची भाषा येत नव्हती. पण तिला वही येत होती. तिनं उधारीसुद्धा लिहून ठेवली होती. तिनं बोट अजून त्या पानावर ठेवलं होतं आणि ती नंदूकडं बघत होती, एखाद्या पोराचं माप घ्यावं तशी.

"खरी," नंदू म्हणाला. "लिहा मॅडम. धंदा चालू होता."

मॅडमनी लिहिलं. जाताना त्या दारात थांबल्या, मास्क नीट केला आणि म्हणाल्या, "माझ्या बहिणीला हिरवा पाहिजे होता." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन घाईघाईनं स्कूटीकडं गेल्या. काका "चौतीस वर्षांत असा माणूस बघितला नाही" असं म्हणत त्यांच्या मागोमाग गेले. हे स्तुतीनं म्हटलं होतं की कसं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मोबाइल वाजला. 'आपला अर्ज अपात्र. कारण: व्यवसाय सुरळीत चालू असल्याचे आढळले.' नंदूनं ते दोनदा वाचलं. दीड वर्ष तो ज्याच्या नावानं सुतकी चेहरा करून फिरत होता, तो धंदा सरकारच्या मते सुरळीत होता. आणि मालक म्हणून हे सगळ्यांत शेवटी त्याला कळलं होतं.

"कसले पैसे होते?" हुसेनबीनं विचारलं.

नंदूनं सांगितलं.

"पंचवीस हजार? या अल्ला! मग मला आदी सांगायचं न्हाय व्हय?"

"तुम्ही राजदरबार कापला, ते आधी सांगायचं नाही होय?"

"पगार बंद झाला ते तुमी सांगितलं होतं व्हय? सात तारीख आली, गेली. म्या समजून घेतलं. आता तुमी घ्या."

नंदूनं समजून घेतलं. घेताना जरा लागलं. त्यानं खिशातला तो कागद हळूच काढला, बारीक घडी केली आणि सिंहासनाच्या मोडक्या पायाखाली घातली. सिंहासन डुगडुगायचं थांबलं.

"उद्या फॅक्टरीत सांगणार ना तुम्ही?" त्यानं तिच्याकडं न बघता विचारलं. "किती देणार आहेत?"

"साडेआठ. एक तारखेला, हातात."

नंदूनं डब्याकडं पाहिलं. आठ हजार. पाचशे कमी. तरी त्यानं डबा तिच्याकडं सरकवला. "हे ठेवा. पुढच्या महिन्याचं आगाऊ. वरचे पाचशे..."

"माझाच डबा मला देता?" हुसेनबीनं डबा परत ढकलला. "हा दुकानाचा वाटा हाय, दुकानात लावा. सुती कापड आणा, अस्तराला. शाळा उघडायलेत म्हणं. गणवेशाच्या रंगाचे मास्क लागतील पोरांना. भाभीला विचारा किती पोरं हायत ते. कापड तुमचं, शिलाई माझी."

"म्हणजे तुम्ही... पार्टनर?" हा शब्द नंदूच्या तोंडातून अवघडून बाहेर आला. बोर्डावर एकच आडनाव होतं आणि ते रंगवायला चांगला पेंटर लागला होता.

"सव्वा वर्ष झालं की, सेठ," ती म्हणाली. "तुमाला सांगायचं तेवढं ऱ्हायलं होतं. फोन उचलत न्हवता ना."

तिनं कमरेचा मोबाइल काढला आणि उद्यापर्यंत न थांबता सुपरवायझरला लावला. "न्हाय जमत, साहेब," ती म्हणाली. "हितं माझा धंदा हाय." फोन ठेवून तिनं तारेवरच्या चादरी एकेक करून वर केल्या, कापड चिमटीत धरून पाहिलं, गाजर नाकारलं, वाघ नाकारला, आणि शेवटाला जाऊन थांबली.

"शिडी आणा," ती म्हणाली. "रावण काढा खाली. दहा तोंडांचं कापड हाय त्यात."

मालकानं शिडी आणली.